बस रिकामी झाली, हे कोण बघतं?

पत्र

ताई, नमस्कार. आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहतो. मुलगी पाच वर्षांची, मोठ्या गटात. शाळा घरापासून नऊ किलोमीटर. मिस्टरांची अंबडच्या कारखान्यात फिरती शिफ्ट, मी बँकेत. सोसायटीतली सगळी मुलं एका काकांच्या छोट्या बसने जातात. काका दहा वर्षं हेच काम करतात, माणूस खरंच चांगला. बस सतरा सीटची आणि मुलं एकतीस. आधी एक मावशी असायच्या, दिवाळीनंतर त्या येत नाहीत. मागच्या महिन्यात काका लग्नासाठी गावी गेले, तेव्हा दोन दिवस त्यांच्या भाच्याने बस चालवली. पहिल्याच दिवशी माझी मुलगी मागच्या सीटवर झोपून गेली. बाकीची मुलं उतरली, भाच्याने बस शाळेमागच्या मैदानात लावली, दार ओढून कुलूप घातलं आणि चहाला गेला. अर्ध्या तासाने एका मुलाचा विसरलेला डबा न्यायला तो परत आला, तेव्हा ही काचेला दोन्ही हात लावून रडत उभी होती. मी शाळेत गेले तर ऑफिसातून सांगितलं, "बस खासगी आहे, तुम्हीच ठरवलीय, आमचा काही संबंध नाही." सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं तर बाकीच्या आया म्हणतात, "काकांनी सोडलं तर मुलांना नेणार कोण? पोर सुखरूप आहे ना, मग झालं." मिस्टरही म्हणतात, ताणू नकोस. मी उगाच ताणतेय का?

– एक आई, नाशिक

उत्तर

नाही, तुम्ही उगाच ताणत नाही आहात. पत्र वाचून मी उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले. काचेला लावलेले ते दोन छोटे हात मला दिसत होते. लेक घरी आली, जेवली, खेळली, म्हणून तो अर्धा तास पुसला जात नाही. त्या दिवशी डबा विसरलेल्या मुलाचे आपल्यावर उपकार आहेत. पण कुणाचा तरी डबा रोज विसरेल, यावर आपण मुलं सोडू शकत नाही.

हा महिना कोणता होता हे तुम्ही लिहिलं नाहीत. थंडी असेल तर त्यामुळेही ती वाचली असेल. उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीत वीस मिनिटांत आतलं तापमान दहा अंशांनी वर जातं, आणि लहान मुलाचं अंग मोठ्या माणसाच्या तीन ते पाच पट वेगाने तापतं. नाशिकचा एप्रिल तुम्हाला मी सांगायला नको.

अशी घटना दुसरीकडे कुठे, कशी झाली ते सांगते. तुम्हाला घाबरवण्यासाठी नाही. त्यात तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. जपानमध्ये शिझुओका प्रांतात माकिनोहारा नावाचं गाव आहे. तिथे ५ सप्टेंबर २०२२ ला तीन वर्षांची एक मुलगी बालवाडीच्या बसमध्ये पाच तास राहिली आणि गेली. तिची पाण्याची बाटली रिकामी सापडली. त्या दिवशी नेहमीचा चालक सुट्टीवर होता आणि बालवाडीचे प्रमुख स्वतः बस चालवत होते. माणूस वाईट नव्हता, शिस्त मोडणारा गुंडही नव्हता. नवखा हात होता, आणि उतरताना शेवटच्या सीटपर्यंत कुणी गेलं नाही. त्याच महिन्यात कतारमध्ये एका केरळी कुटुंबाची मुलगी शाळेच्या बसमध्ये अशीच राहिली आणि गेली. तो तिचा चौथा वाढदिवस होता.

तुमच्याकडे काय घडलं? काका गावी, भाचा गाडीवर. तोच बदलीचा दिवस. काका असते तर कदाचित हाक मारली असती, "झोपलीस का गं?" कारण त्यांना माहीत आहे की ही पोर मागे बसते आणि डुलकी काढते. ती माहिती काकांच्या डोक्यात होती, कागदावर नव्हती. काका गावी गेले आणि ती माहितीही त्यांच्याबरोबर गावी गेली.

जपानने त्यानंतर एप्रिल २०२३ पासून बालवाडीच्या बसमध्ये एक यंत्र सक्तीचं केलं. त्याच्या एका प्रकारात इंजिन बंद केलं की भोंगा वाजतो, आणि चालकाने अगदी मागच्या टोकाला जाऊन बटण दाबल्याशिवाय तो थांबत नाही. म्हणजे प्रत्येक सीटजवळून चालत जाणं भागच पडतं. आपल्याला उद्या यंत्र मिळणार नाही, पण ते चालणं मिळू शकतं. एक पाटी करा. एका बाजूला "बस रिकामी आहे", दुसऱ्या बाजूला "मुलं आत आहेत". ती मागच्या काचेला दोरीने टांगलेली राहील. गाडी लावली की मागे जाऊन पाटी उलटायची, आणि मगच दार ओढायचं. खर्च पन्नास रुपये. भाचा असो, मेहुणा असो, काका स्वतः असोत, पाटी उलटल्याशिवाय कुलूप नाही.

दुसरी गोष्ट मोजणीची. चढताना यादीवर खूण, उतरताना यादीवर खूण. एकतीस चढली तर एकतीस उतरली पाहिजेत. यादीत मुलाचं नाव, थांबा, पालकांचे दोन फोन, रक्तगट. आणि शाळेकडूनही एक गोष्ट मागा: हजेरी घेतल्यावर न सांगता गैरहजर असलेल्या शिशुवर्गातल्या मुलाच्या घरी पंधरा मिनिटांत फोन गेला पाहिजे. तुमच्या लेकीच्या वर्गात त्या दिवशी हजेरी झालीच असेल. बाईंनी "आज आली नाही" असं समजून रेघ मारली असेल. एक फोन आला असता तर तुम्ही म्हणाला असता, "अहो, मी तिला स्वतः बसमध्ये बसवलंय!" आणि पाच मिनिटांत कुणीतरी मैदानाकडे धावलं असतं.

आता मावशींचं. माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात गंभीर ओळ तीच आहे, आणि तुम्ही ती अगदी सहज लिहून पुढे गेलात. रस्त्यावर नजर ठेवून गाडी चालवणारा माणूस एकतीस मुलं सांभाळूच शकत नाही. महाराष्ट्रात स्कूल बससाठी २०११ पासून स्वतंत्र नियम आहेत. बसमध्ये मदतनीस हवा, आणि मुली असतील तर ती स्त्री हवी, हे त्यात आहे. चालकाला अवजड वाहन चालवण्याचा पाच वर्षांचा अनुभव हवा, ही अट तर सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच घातली. त्या नोव्हेंबरात दिल्लीत वझीराबादला शाळेची बस यमुनेत कोसळून मुलं बुडाली होती. भाच्याकडे लायसन कोणतं होतं, हे तुमच्यापैकी कुणी विचारलं का? मला वाटतं, नसेल विचारलं. आपण "काका" म्हणतो, मग "काकांचा भाचा" हा घरचाच होतो, आणि घरच्या माणसाकडे लायसन कसं मागायचं? ही आपल्याकडची खरी अडचण आहे. नात्याने हाक मारली की विचारताना जीभ जड होते. मुलांनी काका म्हणावं, जरूर म्हणावं, त्यात माया आहे. पण मोठ्यांनी त्यांच्याशी बोलताना लक्षात ठेवावं की आपण त्यांना दर महिन्याला पैसे देऊन एक जोखमीचं काम सोपवतो आहोत.

आणि विचारलं म्हणून काही संशय घेतला असं होत नाही. उलट काकांना मोकळेपणाने सांगा, "तुम्ही नसता तेव्हा काय, हेच आम्हाला ठरवायचं आहे." बदली माणूस आधीच ठरलेला असावा, त्याच्या लायसनची प्रत आणि पोलिसांकडची चारित्र्य पडताळणी शाळेत जमा असावी, आणि बदली असेल त्या दिवशी आदल्या रात्री ग्रुपवर निरोप यावा. चांगला माणूस याला नाही म्हणत नाही. शाळेत असताना मी इतक्या चालकांबरोबर काम केलं, मायेने आणि नीट बोललं तर बहुतेकांना हे हवंच असतं. काही झालं तर सगळं त्यांच्याच अंगावर येतं, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.

मावशी का येत नाहीत, हे मात्र काकांना विचाराच. नव्वद टक्के वेळा कारण पैशांचं असतं. मग हिशेब तुम्ही मांडा. सकाळ-दुपार दोन फेऱ्यांना मावशींना महिन्याला ६२०० रुपये दिले, तर एकतीस घरांत प्रत्येकी २०० रुपये येतात. ग्रुपवर ज्या आया "झालं ते झालं" म्हणतात, त्यांच्यापुढे हा आकडा ठेवा. कदाचित त्यांनाही मनातून भीती वाटते आणि उपाय महाग असेल म्हणून त्या गप्प आहेत. सतरा सीटमध्ये एकतीस मुलं का बसतात, याचं उत्तरही तिथेच आहे. आपण सगळ्यांनी मिळून ते भाडं स्वस्त ठेवलेलं असतं. हे मी दोष देण्यासाठी म्हणत नाही, महागाई मलाही कळते. पण काकांना "मुलं कमी करा" म्हणायचं आणि भाडं तेच ठेवायचं, हे चालणार नाही. दोन फेऱ्या करता येतील का, बघा. पहिल्या फेरीची मुलं अर्धा तास लवकर पोचतील, तर शाळेने तेवढा वेळ एक वर्ग उघडून एक बाई बसवाव्यात. हे शाळेला जमण्यासारखं आहे. मी केलेलं आहे.

आणि आता "आमचा काही संबंध नाही" या वाक्याकडे येते. मुख्याध्यापिका म्हणून मी बरीच वर्षं खुर्चीवर बसले, म्हणून हे ठामपणे सांगते: संबंध आहे. त्याच २०११ च्या नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी लागते. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष. पालक-शिक्षक संघाचा प्रतिनिधी, वाहतूक पोलीस, आरटीओचे निरीक्षक, शिक्षण खात्याचे प्रतिनिधी, बसवाल्यांचा प्रतिनिधी, असे सगळे त्यात असतात. मुलांची ने-आण सुरक्षित होते की नाही, थांबे कुठे असावेत, भाडं किती, बसची कागदपत्रं वैध आहेत का, हे बघणं तिचं काम. बसवाल्याशी शाळेचा करार असावा, असंही त्यात आहे.

पण समिती असणं आणि तिने काम करणं यात अंतर असतं, आणि ते अंतर मी स्वतः ठेवलेलं आहे. आमच्या शाळेत दोन वर्षं समितीच्या बैठका वहीतच होत होत्या. शिपाई वही घेऊन फिरायचा, सदस्य सह्या करायचे, पहिली सही माझी. मग एका पावसाळी दुपारी शाळा सुटताना आवारात एक बस मागे घेतली जात होती आणि तिसरीतला एक मुलगा छत्री उघडत तिच्या मागून निघाला. पायावरून चाक गेलं. पाय वाचला, पण तीन महिने तो प्लास्टरमध्ये होता. त्याच्या वडिलांनी मला एकच विचारलं, "बाई, या आवारात गाडी मागे घ्यायची नाही, असं कुणीच कधी ठरवलं नव्हतं का?" वहीत सात बैठका होत्या. त्यातल्या एकीतही हा विषय नव्हता, कारण एकही बैठक झाली नव्हती. त्यानंतर आम्ही बसेस एका रांगेत, तोंड फाटकाकडे करून लावायला लागलो. सगळ्या गाड्यांची इंजिनं बंद झाल्याशिवाय मुलांचा घोळका व्हरांड्यातून खाली सोडायचा नाही, आणि मुलं आवारात असताना कोणतीही गाडी मागे घ्यायची नाही. हे ठरवायला वीस मिनिटं लागली होती.

म्हणून तुम्ही शाळेत पुन्हा जा, पण एकट्या जाऊ नका आणि ऑफिसच्या खिडकीशी जाऊ नका. एक पानाचं पत्र लिहा, मुख्याध्यापकांच्या नावाने. त्या दिवशी काय झालं ते तारीख-वेळेसह चार ओळींत, राग न मिसळता. मग तीन मागण्या: परिवहन समितीची बैठक आणि त्यात तुमच्या मार्गाचे दोन पालक, बसमध्ये महिला मदतनीस, गैरहजर मुलाच्या घरी फोन. सहा-सात पालकांच्या सह्या पुरेत, एकतीस मिळण्याची वाट बघू नका. दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. पंधरा दिवसांत काही हललं नाही, तर तीच प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना आणि आरटीओला द्या. बहुतेक शाळा आवक क्रमांक पडला की बोलायला बसतात.

ग्रुपवर "काका सोडून जातील" ही भीती आहे, ती खरी आहे, तिला हसू नका. पण एक बातमी त्यांना आठवून द्या. ११ एप्रिल २०२४, ईदची सुट्टी, हरियाणात महेंद्रगड जिल्ह्यातल्या कनीना गावाजवळ शाळेची बस उलटली आणि सहा मुलं गेली. चालक प्यायलेला होता. त्याआधी वाटेतल्या एका गावात लोकांना ते कळलं होतं, त्यांनी किल्ली काढूनही घेतली होती, आणि शाळेकडून "आजच्या दिवस जाऊ द्या, चालक बदलतो" असं सांगितल्यावर परत दिली होती, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. ज्याने किल्ली परत दिली, त्या माणसाचा विचार माझ्या मनातून जात नाही. त्यालाही कुणीतरी म्हणालं असेल, ताणू नका. तुमचे काका तसे नाहीत, हे मी तुमच्या पत्रावरूनच मानते. पण "आजच्या दिवस जाऊ द्या" हे वाक्य मात्र आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे.

एखाद्या रविवारी काकांच्या परवानगीने बस उभी असताना आत चढून बघा. मिस्टरांना बरोबर न्या, कारखान्यातल्या माणसाला यंत्र कळतं. नंबरप्लेट पिवळी आहे ना? पांढरी असेल तर ती गाडी भाड्याने माणसं नेण्यासाठी नोंदलेलीच नाही. गाडीचा नंबर एम-परिवहन ॲपवर टाकला की फिटनेस आणि विमा कधीपर्यंत आहे ते दिसतं. संकटकाळी उघडायचं दार हाताने उघडून बघा; कित्येक बसमध्ये त्याच्यापुढे जादा बाकडं टाकलेलं असतं. गॅसच्या टाकीवर फळी टाकून तिथे मुलं बसवत नाहीत ना, हे बघा. अग्निशामक नळकांड्यावरची तारीख वाचा. आणि पायाखालचं मॅट उचलून पत्रा बघा. हसू नका, २०१२ च्या जुलैत चेन्नईला दुसरीतली एक मुलगी शाळेच्या बसच्या तळाला पडलेल्या भोकातून खाली रस्त्यावर पडली आणि चाकाखाली आली. तामिळनाडूने त्यानंतर स्कूल बससाठी वेगळे नियम केले.

थांब्याचंही तेव्हाच बघून घ्या. मुलांना बसच्या आतपेक्षा बसच्या भोवती जास्त धोका असतो. चालकाच्या उंच सीटवरून पुढच्या बंपरला चिकटून उभं असलेलं पाच वर्षांचं मूल दिसतच नाही, आणि वॉटरबॅग पडली की मूल वाकतंच. आपल्याकडे स्कूल बस थांबली म्हणून मागची वाहनं थांबत नाहीत. म्हणून परतीचा थांबा सोसायटीच्याच बाजूला हवा, रस्ता ओलांडायची वेळच येऊ नये, मग बसला पुढे जाऊन वळून यावं लागलं तरी चालेल. लेकीला एवढंच शिकवा: उतरलं की दहा मोठी पावलं बसपासून लांब, काही पडलं तर उचलायचं नाही, मावशींना सांगायचं.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण मी विचारते. परतीच्या फेरीत शेवटी कोण उतरतं? कोणतंही मूल, मुलगी असो वा मुलगा, चालकाबरोबर एकटं उरता कामा नये. शेवटचं मूल उतरेपर्यंत मावशी बसमध्येच हव्यात. चालक मुलांना शेजारच्या केबिनवर, गिअरजवळ बसवत असतील तर तेही बंद करा. लेकीशी रोज रात्री दोन मिनिटं बसच्या गप्पा मारा. चौकशी नको, गप्पा. आज कोण शेजारी बसलं, कोण रडलं, काकांनी कोणतं गाणं लावलं. काही खटकलं तर ते याच गप्पांतून कळतं. मुलांच्या मदतीसाठी असलेल्या १०९८ या नंबरवर मुलं स्वतःही फोन करू शकतात, हे पाचवी-सहावीतल्या मोठ्या मुलांना सांगून ठेवा.

त्या अर्ध्या तासाबद्दल तिच्याशी बोललात का? काही मुलं नंतर बसमध्ये बसायला नको म्हणतात, काही रात्री दचकतात. "तू चूक केलीस, झोपलीस" असं घरात कुणीही म्हणू नये. झोपणं तिचं काम होतं, बघणं मोठ्यांचं. त्या रविवारी बस बघायला जाल तेव्हा तिलाही न्या. तिला चालकाच्या सीटवर बसवा आणि हॉर्न वाजवायला शिकवा. हाताला जोर पुरला नाही तर बूड टेकवून वाजवायचा. जपानमध्ये त्या घटनेनंतर बालवाड्यांत मुलांना हेच शिकवत होते. किल्ली काढल्यावर हॉर्न वाजतो का, हेही तेव्हाच बघा. काही गाड्यांत वाजत नाही. नसेल तर काकांना एक साधी घंटी मागच्या सीटजवळ बसवून घ्यायला सांगा.

मला पुढे काय झालं ते कळवा. शाळेने काय उत्तर दिलं, तेही. आणि मावशी पुन्हा यायला लागतील त्या सकाळी यादी त्यांच्या हातात तुम्ही देऊ नका, लेकीला द्यायला सांगा. मोठ्या गटात आहे, स्वतःचं नाव तिला वाचता येत असेल. बोट ठेवून दाखवू द्या.